शंभर मायक्रॉनच्या वाटा आणि दहा किलोचं लोखंड

साकीनाक्याला बाबांचा टूलरूमचा, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायचा गाळा आहे. मी पॉलिमरमध्ये शिक्षण घेऊन तिथेच कामाला लागले. गेल्या वर्षी एका प्रयोगशाळेतल्या मॅडमनी आमच्याकडे एक काम आणलं. ५० बाय ७५ मिलिमीटरची, २ मिमी जाडीची ॲक्रिलिकची प्लेट, आणि तिच्या पृष्ठभागावर १०० मायक्रॉन रुंद, ५० मायक्रॉन खोल अशा नाल्यांचं जाळं. या नाल्यांमधून रक्ताच्या थेंबातला पातळ भाग वेगळा करायचा होता. माणसाचा केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे त्याच्याहून थोडी रुंद वाट. महिन्याला ३०० प्लेटा हव्या होत्या.

नमुन्याच्या पहिल्या वीस प्लेटा आम्ही बाबांच्या जुन्या हायड्रॉलिक प्रेसवर काढल्या. एकेकाळी या प्रेसवर रबराचे वॉशर व्हल्कनाइझ व्हायचे. पद्धत सरळ आहे. नाल्यांचा उलटा आकार उठलेला निकेलचा ०.३ मिमी जाड पत्रा, ज्याला आम्ही शिम म्हणतो, तो प्रेसच्या वरच्या प्लेटनला, म्हणजे दाबणाऱ्या जाड लोखंडी पाटाला लावायचा. खाली ॲक्रिलिक ठेवायचं. ॲक्रिलिक साधारण १०५ अंशांच्या आसपास काचेसारखं कडक राहत नाही, मऊ व्हायला लागतं. म्हणून १४० अंशांपर्यंत तापवून सुमारे दोन टन दाब द्यायचा, दाब न सोडता थंड करायचं आणि मग उचलायचं. ग्रामोफोनच्या तबकड्याही याच तत्त्वावर छापल्या जात. निकेलचा स्टँपर, मागून आधी वाफ, मग गार पाणी.

प्लेटा चांगल्या निघाल्या. पण एका प्लेटला १४ मिनिटं लागत होती. तासाला चार. तीनशेसाठी नऊ दिवस प्रेस फक्त या कामाला द्यावा लागला असता, आणि त्या प्रेसवर गाळ्याची बाकीची कामंही होती. बाबा म्हणाले, "काम चांगलं आहे, पण हे परवडणार नाही. मॅडमना सांगून टाक."

मला ते सांगायचं नव्हतं. या प्लेटांचा उपयोग कशासाठी होणार आहे हे मॅडमनी मला नीट समजावून सांगितलं होतं, आणि असं काम आपल्या गाळ्यात व्हावं असं मनापासून वाटत होतं.

आमचे मिस्त्रीकाका तीस वर्षं या गाळ्यात आहेत. ते म्हणाले, "अगं पोरी, तवा आधी तापतो, मग भाकरी. लोखंड तापायला वेळ लागणारच." त्या रात्री घरी वहीत हिशोब मांडला तो त्यांच्याच वाक्यावरून. तवा केवढा आणि भाकरी केवढी? प्रेसचे दोन प्लेटन, प्रत्येकी १५० बाय १५० बाय ३० मिमीचे. पोलाद धरलं तर एकेक ५.३ किलोचा, दोन्ही मिळून साडेदहा किलो. त्यांना ५० अंशांवरून १४० वर न्यायला साधारण ४५८ किलोज्यूल लागतात. प्लेटनच्या आत बसवलेले आमचे कार्ट्रिज हीटर सगळे मिळून २ किलोवॅटचे. एक थेंबही उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी जवळजवळ चार मिनिटं. प्रत्यक्षात सहा लागत, आणि तेवढीच उष्णता पुन्हा पाण्याने काढून घ्यायला आणखी पाच. भाकरी, म्हणजे आमची ॲक्रिलिकची प्लेट, नऊ ग्रॅमची.

आणि त्या नऊ ग्रॅममधलंही सगळं तापवायची गरज नव्हती. नाली ५० मायक्रॉन खोल. वरचा ०.२ मिमीचा थर मऊ झाला तरी पुरे. ॲक्रिलिकमधून उष्णता फार हळू जाते, पण तिला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. २ मिमी आरपार जायला ३५ सेकंदांच्या आसपास, १ मिमीला नऊ, आणि ०.२ मिमीला अर्ध्या सेकंदाहूनही कमी. निकेलच्या शिमचं वजन जेमतेम १० ग्रॅम. ती ९० अंशांनी तापवायला ४०० ज्यूल. म्हणजे आम्ही गरजेच्या हजारपट उष्णता लोखंडात ओतत होतो आणि दर १४ मिनिटांनी ती नळाच्या पाण्याबरोबर गटारात सोडत होतो. हा आकडा बघितल्यावर झोप लागली नाही. हीटर मोठे करून उपयोग नव्हता, लोखंडच वाटेतून काढायचं होतं.

शिम एकटीच पटकन कशी तापवायची? सुरुवातीला लोहार चाळीतून ५०० वॉटचे हॅलोजन दिवे आणून बघितले. निकेल चकचकीत असल्यामुळे बराचसा प्रकाश परत फिरवतं, आणि हॅलोजनचा बहुतेक प्रकाश ॲक्रिलिकमधून सरळ आरपार निघून जातो. दिव्यांच्या मागची पत्र्याची पेटी तापली, शिम कुथत कुथत नव्वदपर्यंत गेली. शिममधूनच वीज सोडून ती तापवावी असंही मनात आलं, पण गणित केलं तर तिचा रोध इतका कमी की एक किलोवॅटसाठी जवळपास १,७०० अँपिअर लागले असते. त्यासाठी स्पॉट वेल्डिंगच्या मशीनसारखा ट्रान्सफॉर्मर हवा. तो विचार तिथेच सोडला.

शेजारच्या गाळ्यात प्लास्टिक जोडायचं अल्ट्रासोनिक मशीन आहे. तिथल्या दादांनी जेवणाच्या सुट्टीत वापरू दिलं. या पद्धतीत बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही. सेकंदाला २०,००० वेळा थरथरणारा हॉर्न प्लास्टिक दाबतो आणि घर्षणाने प्लास्टिक आतूनच तापतं. दोन सेकंदांत ठसा उमटला, आणि मला क्षणभर वाटलं की उत्तर सापडलं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर नाल्यांचे काठ दुहेरी दिसले, थरथरीने घासले गेलेले. जिथे हॉर्नचा स्पर्श चांगला तिथे खोल, बाजूला उथळ. बटणाएवढ्या ठशासाठी ही पद्धत उत्तम आहे असं माझं अजूनही मत आहे. एवढ्या मोठ्या प्लेटवर आमच्याकडच्या साधनांनी ते जमणार नव्हतं.

इंडक्शनचा विचार स्वयंपाकघरातून आला. आमच्या घरी गॅसबरोबर इंडक्शनची शेगडी आहे, आणि ॲल्युमिनियमचं पातेलं तिच्यावर चालत नाही हे आईने मला लहानपणापासून सांगितलेलं. चुंबकाला चिकटणारं भांडं हवं. निकेल चुंबकाला चिकटतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात अशा धातूच्या अगदी वरच्या थरातच वीज फिरते आणि तोच थर तापतो. निकेलमध्ये १०० किलोहर्ट्झला ही जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास येते. आपल्याला नेमका पृष्ठभागच तर तापवायचा होता.

घरची शेगडी वापरता येत नाही, कारण शिम इतकी लहान की शेगडी ती भांडं म्हणून ओळखतच नाही. शिवाय शेगडी उघडून तिच्याशी खेळणं जिवावरचं काम आहे, आत थेट मेन लाइनचा विजेचा दाब असतो. लॅमिंग्टन रोडवर ४८ व्होल्ट, २० अँपिअरवर चालणारा एक किलोवॅटचा इंडक्शन हीटरचा बोर्ड मिळाला. कॉइल काकांनी वळली. एसीच्या कामात वापरतात ती पाव इंची तांब्याची नळी, आत वाळू भरून, म्हणजे वळवताना चेपत नाही. नंतर वाळू झाडून टाकून त्याच नळीतून पाणी खेळवलं, नाहीतर कॉइल स्वतःच लाल होते. चाचणीच्या आधी मी हातातली अंगठी आणि बांगड्या काढून ठेवल्या, काकांनाही कडं काढायला लावलं.

रचना अशी ठरली: प्रेस उघडा असताना कॉइल बाजूने सरकून शिमच्या समोर येते, काही सेकंद तापवते, मागे जाते, आणि लगेच प्रेस मिटतो. शिमच्या मागे पोलाद राहिलं तर तेही तापेल आणि उष्णता ओढूनही घेईल, म्हणून मध्ये ३ मिमीची कडक अभ्रकाची शीट घातली. हीटरच्या कामात वापरतात तीच.

पहिल्याच दिवशी शिम चार सेकंदांत १४० च्या पुढे गेली. गाळ्यातले सगळे बघायला जमले होते. पण ठसा वाईट आला. मधल्या भागात नाल्या अर्ध्याच उमटलेल्या, भोवती एक पट्टा नीट, आणि त्याच्या काही भागात ॲक्रिलिक अति तापून चिकटलेलं.

तापमान कुठे किती आहे हे बघायला लेझरची गन लावली, तर ती ६० अंश दाखवत होती. चकचकीत धातूवर ती गन खोटं बोलते, कारण असा धातू स्वतः उष्णतेचे किरण फार कमी सोडतो. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, लावला तर कॉइल चालू असताना आकडे नाचत होते. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी आई इंडक्शनवर घावनं घालत होती. पातळ तवा होता. मी ताटातलं घावन उलटून बघितलं, तर मध्ये पांढरं आणि भोवती तपकिरी कडं. मी तिला म्हटलं, "आई, हे रोज असंच होतं का?" ती म्हणाली, "या तव्यावर असंच होतं गं. जाड बिडाच्या तव्यावर सगळीकडे सारखं भाजतं."

सपाट गुंडाळीच्या कॉइलचा मधला भाग थंड राहतो, कारण धातूत वीज कॉइलच्या वेढ्यांखाली गोल फिरते आणि केंद्रात ती जवळपास शून्य असते. पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्या क्षणी डोळ्यांसमोर आलं. गाळ्यावर जाताना वाटेतल्या किराणा दुकानातून बिलाच्या कागदाचा एक रोल घेतला. तो कागद उष्णतेने काळा पडतो. शिमवर एक तुकडा ठेवून दोन सेकंद तापवलं. काळं लंबगोल कडं आणि मध्ये पांढरा डाग, अगदी घावनासारखा. उष्णता टिपणाऱ्या हजारो रुपयांच्या कॅमेऱ्याने दाखवलं असतं ते पाच रुपयांच्या कागदाने दाखवलं. पुढचे दोन महिने आम्ही प्रत्येक बदल या कागदावर तपासला. ते सगळे तुकडे तारखा घालून एका फाइलमध्ये ठेवले आहेत.

आईच्या बिडाच्या तव्याने वाटही दाखवली होती, फक्त आम्हाला बीड नको, तांबं हवं होतं. कड्यापासून मध्यापर्यंत साधारण १२ मिमी. निकेलमधून उष्णतेला तेवढं अंतर जायला सहा-सात सेकंद लागतात, तांब्यातून दीड सेकंदाच्या आत. मी आणि काका तांबाकाट्यावर जाऊन अर्ध्या, एक आणि दोन मिलिमीटरचा पत्रा घेऊन आलो. शिमच्या पाठीला पत्रा लावायचा, मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट. अर्ध्या मिलिमीटरला मधला डाग राखाडी झाला. एक मिलिमीटरला कागद सगळीकडे सारखा काळा पडला. दोनलाही सारखाच, पण तापायला वेळ वाढला. एक मिलिमीटर कायम केला.

तांब्याने आणखी एक अडचण सोडवली, जी मला आधी कळलीच नव्हती. नुसती शिम इतकी हलकी की गार ॲक्रिलिकला टेकताक्षणी तिचं तापमान धाडकन खाली यायचं. आधी आम्ही तिला १७० पर्यंत तापवून नकळत त्यावर मात करायचा प्रयत्न करत होतो, म्हणून तर कडेला ॲक्रिलिक चिकटत होतं. तांब्यासह तिच्याकडे चौपट उष्णता साठते. वजन ४४ ग्रॅम, लागणारी ऊर्जा दीड किलोज्यूलच्या आसपास. साडेचारशे किलोज्यूलच्या तुलनेत ही काहीच नाही.

आता तापवायला सहा सेकंद लागत होते, पण थंड व्हायला पाऊण मिनिटाहून जास्त. जे अभ्रक तापवताना उष्णता अडवतं तेच थंड करताना आड येतं. इथे काकांचं आणि माझं चांगलंच वाजलं. त्यांना अभ्रक आणखी जाड हवं होतं, म्हणजे तापवणं चार सेकंदांत होईल. मी म्हणत होते पातळ करू. शेवटी दोन्ही करून बघितलं. ३ मिमीच्या जागी ०.५ मिमी लावल्यावर तापवायच्या वेळेत एका सेकंदाचाही फरक पडला नाही आणि थंड व्हायची वेळ वीस सेकंदांवर आली. मागच्या पोलादी प्लेटनमध्ये आता हीटर नाहीत, फक्त पाणी. तो कायम ३५ अंशांवर असतो.

प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००२ मध्ये क्वार्ट्झच्या साच्यातून लेझरचा झोत सोडून सिलिकॉनचा वरचा थर वितळवला आणि पाव मायक्रोसेकंदाच्या आत त्यावर ठसा उमटवला. ते वाचलं तेव्हा मला आमच्या सहा सेकंदांचा कमीपणा वाटला नाही, उलट धीर आला. तिथेही युक्ती तीच, लागेल तेवढाच थर तापवायचा.

वेग आल्यावर मात नवीन दुखणी वर आली. जुलैत प्लेटांवर बारीक बुडबुडे दिसायला लागले. ॲक्रिलिक हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि मुंबईत जुलैमध्ये हवेत ओलाव्याशिवाय दुसरं काय असतं! आधी प्रेस हळूहळू तापायचा आणि १४० च्या वर जात नसे. आता शिम क्षणभर दीडशेच्या वर झेपावते, आणि आतलं पाणी वाफ होऊन अडकतं. प्लेटा रात्रभर ८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायला सुरुवात केली आणि सकाळी एकेक काढून गरम असतानाच प्रेसमध्ये घालायला लागलो. बुडबुडे गेले. शिवाय प्लेट आधीच सत्तरच्या आसपास असल्यामुळे शिमला कमी ओढ बसते, ठसे आणखी स्पष्ट आले.

दुसरं दुखणं मॅडमच्या प्रयोगशाळेत सापडलं. त्यांनी प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि नाल्यांच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उमटले. वरचा थर तापून गार झालेला, पोट तेवढं तापलेलंच नाही, त्यामुळे आत ताण राहून जातो, आणि अल्कोहोल लागलं की तो फुटून बाहेर येतो. त्या रागावल्या नाहीत, फोटो पाठवले आणि विचारलं, "यावर काय करता येईल?" आता तयार प्लेटा चार तास पुन्हा ८० अंशांवर ठेवून ओव्हन बंद करतो आणि दार न उघडता तशाच निवू देतो. शंभर प्लेटा एकदम होतात, म्हणून सायकलच्या, म्हणजे प्रेसवर एक प्लेट काढायच्या पूर्ण फेरीच्या, वेळेत तो वेळ धरायची गरज नाही. ८० अंश मऊ होण्याच्या बरंच खाली आहे, नाल्यांचा आकार बदलत नाही. प्रत्येक घाण्यातली एक प्लेट मी स्वतः अल्कोहोलने पुसून बघते, मगच पेटी बंद होते.

तिसरं सगळ्यात त्रासाचं होतं. कडेच्या नाल्यांच्या भिंती तुटत होत्या, मधल्या मात्र शाबूत. ॲक्रिलिक थंड होताना निकेलच्या पाचपट आकसतं. ७५ मिमीची प्लेट १०५ वरून ३५ अंशांपर्यंत मोकळी आकसली असती, तर तिच्या आणि शिमच्या लांबीत ०.३ मिमीचा फरक पडला असता, म्हणजे दोन्ही टोकांना दीडशे मायक्रॉन. आमची नाली शंभर मायक्रॉनची. प्लेट मध्याकडे ओढली जाते आणि शिमवरचे उंचवटे टोकाच्या नाल्यांच्या बाहेरच्या भिंतीत रुततात. मी पूर्ण गार झाल्यावर उचलत होते, कारण गार म्हणजे सुरक्षित असं डोक्यात बसलं होतं. ८५ अंशांनाच उचलायला लागलो, आकार तोपर्यंत घट्ट झालेला असतो, आकसणं नुकतं सुरू झालेलं. तुटणं एकदम थांबलं. त्याच्याही खाली थांबण्यात नुसता वेळच जात नव्हता, नुकसान होत होतं. मागच्या चौदा मिनिटांच्या सायकलमधल्या नमुन्यांचे फोटो पुन्हा काढून बघितले, तर त्यातही टोकाच्या दोन नाल्यांच्या भिंती खरवडलेल्या होत्या. तेव्हा आमच्या नजरेतून सुटल्या होत्या.

दाब धरून ठेवायचे बारा सेकंद मात्र मी कमी करू शकले नाही. आठ सेकंदांवर नालीचे कोपरे गोल येतात, पॉलिमर थोडा मागे उसळतो. पॉलिमरच्या साखळ्यांना नव्या जागी बसायला तेवढा अवधी द्यावाच लागतो, आणि तो देण्यात मला काही वावगं वाटत नाही.

सध्या एक प्लेट ५५ सेकंदांत होते. सहा तापवणं, एक कॉइल मागे घेणं, बारा दाब, वीस थंड करणं. उरलेले सोळा सेकंद प्लेट ओव्हनमधून काढून नीट जागेवर ठेवण्यात आणि शेवटी उचलण्यात जातात. तीनशे प्लेटा पाच तासांत निघतात आणि उरलेला महिना प्रेस बाबांना मोकळा मिळतो. मॅडमनी पुढची मागणी पॉलिकार्बोनेटची केली आहे. ते १४७ अंशांच्या आसपास मऊ होतं, म्हणजे शिम १८० पर्यंत न्यावी लागेल. बिलाचा कागद तिथे कामाचा नाही, तो फार आधीच काळा पडतो. एकेका ठरावीक तापमानाला वितळणारे खडू मिळतात, ते मागवले आहेत.

काकांनी त्या सोळा सेकंदांवर डोळा ठेवला आहे. शनिवारी अर्ध्या दिवसानंतर सगळे गेल्यावरही ते व्हाइसला अभ्रकाची एक चौकट लावून कानस मारत बसले होते. प्लेट नुसती टाकली की आपोआप जागेवर बसावी म्हणून दोन पिना आणि एक उतार. मी विचारलं, "किती सेकंद वाचतील?"

"आधी बसू दे नीट," ते म्हणाले, "मग मोजू."